छत्तीसांची सात केली तर? पुण्याच्या ओढ्या-टेकड्यांसाठी एकच मोठं प्राधिकरण असावं का

प्रश्न बाणेरहून आला आहे. विचारणाऱ्यांच्या घरामागून रामनदी वाहते आणि तक्रार घेऊन नेमकं कुठे जायचं, हेच कळत नाही अशी त्यांची रास्त कुरकुर आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ३६ स्थानिक संवर्धन प्राधिकरणांची ७ मोठी प्रादेशिक प्राधिकरणं करायचा प्रस्ताव आला, तो वाचून त्यांनी विचारलं आहे: आपल्याकडेही महापालिकांची वृक्ष प्राधिकरणं, गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या, वनसमित्या, नदी पाहणारे निरनिराळे विभाग असा पसारा मोडून पुणे परिसराचं एकच पर्यावरण प्राधिकरण केलं, तर काम सुधारेल का?

पाणलोटाचं नियोजन आणि गावांच्या लोकजैवविविधता नोंदवह्या (गावातली झाडं, प्राणी, पाणी यांची लोकांनी सांगितलेली माहिती) या दोन्ही कामांत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. पाण्याचं मोजमाप, पुराचा अंदाज, प्रयोगशाळा, नकाशे हे सगळं एकत्र करा, जरूर करा. झाड तोडायला, ओढा वळवायला, टेकडी फोडायला नाही म्हणण्याचा अधिकार मात्र खालून काढून वर नेऊ नका. आणि जे एकत्र कराल त्याची हद्द पाणलोटाची ठेवा, जिल्ह्याची किंवा महापालिकेची नको. आता कारणं.

ओंटारिओचं उदाहरण आपल्याकडे अर्धवट सांगितलं जातं. तिथला संवर्धन प्राधिकरणांचा कायदा १९४६ चा. एका नदीच्या पाणलोटातल्या नगरपालिकांनी एकत्र यायचं, वर्गणी काढायची आणि त्या नदीपुरतं प्राधिकरण उभं करायचं, अशी मूळ रचना. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये हेझल चक्रीवादळाने टोरांटो परिसरात पूर आणला, प्रांतात ८१ माणसं गेली. त्यानंतर या प्राधिकरणांना पूरक्षेत्रातल्या जमिनी घेण्याचं आणि तिथलं बांधकाम रोखण्याचं बळ मिळालं. १९५७ मध्ये टोरांटोभोवतीच्या चार प्राधिकरणांचं विलीनीकरणही झालं. शेजारशेजारच्या नद्या, एकच शहर, खाली एकच सरोवर. ते विलीनीकरण टिकलं. म्हणजे एकत्र येणं तिथे नवीन नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरअखेर आलेला प्रस्ताव वेगळ्या पोटातून आला. सरकारचं म्हणणं, जागोजागी नियम निराळे, परवानग्यांना उशीर होतो, घरबांधणी अडते. विरोधकांचं म्हणणं, पैसा मुख्यतः नगरपालिकांचा आणि प्राधिकरणांनी स्वतः कमावलेला, प्रांताचा वाटा लहान, मग ताबा वर कशाला? दोन्हींत तथ्य आहे. पण १९५७ चं विलीनीकरण पुराच्या धक्क्यातून निघालं होतं आणि २०२५ चं परवानग्यांच्या तक्रारीतून निघालं. ज्या दुखण्यासाठी यंत्रणा बांधली जाते, त्याच दुखण्यावर ती काम करते. असा मसुदा तुमच्यासमोर आला तर पहिलं पान त्यासाठी वाचा: उद्देशाच्या परिच्छेदात पाणी आधी येतं की परवानगी.

पुण्याचं दुखणं उलटं आहे. ओंटारिओत नदीच्या हद्दीची यंत्रणा आहे, ती मोठी करायची का एवढाच वाद. आपल्याकडे अशी यंत्रणा कधी उभीच राहिली नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. त्यानंतर पूरग्रस्तांना गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती मिळाल्या, ते योग्यच झालं. उगमापासून संगमापर्यंत नदीकडे बघणारं एखादं कार्यालय काही निघालं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी त्याच सहकारनगरच्या भागात, अरण्येश्वरच्या वस्त्यांत घुसलं.

तुमची रामनदी घ्या. खाटपेवाडीच्या बाजूला उगम, मग भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधकडे मुळेला मिळते. सगळी मिळून वीसेक किलोमीटर. वरच्या अंगाला ग्रामपंचायती, मुळशी तहसील आणि पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. खाली महापालिका, आणि महापालिकेतही मलनिस्सारण वेगळं, पथ वेगळा, उद्यान वेगळं, पर्यावरण वेगळं. उतारावर वन विभाग. पूररेषा जलसंपदा आखणार, पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळ घेणार. वर भूगावकडे पात्रात भराव पडला तर त्याचा त्रास पाषाणला होतो, पण पाषाणकडचा अभियंता भूगावात नोटीस बजावू शकत नाही. तो तुम्हाला 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणतो तेव्हा टाळत नसतो, कागदोपत्री खरंच बोलत असतो.

हे कागदावर पाहायचं असेल तर दोन नकाशे मागवा. जुन्या गाव नकाशात ओढा दोन रेषांनी काढलेला असतो, दोन्ही बाजूंचे गट नंबर काठाशी येऊन थांबतात, मधली जागा कुणाच्याही सातबाऱ्यावर नसते. तोच ओढा प्लॉटिंगच्या नकाशात आला की एका रेषेचा होतो, वळणं सरळ होतात आणि शेजारी 'नाला' असं लिहून तो अरुंद पट्टीत बसवलेला दिसतो. दोन्ही नकाशे एकाच मापात आणून खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले की मधली गायब झालेली जागा उघडी पडते. बहुतेक वेळा तिथे संरक्षक भिंत आणि पार्किंग असतं. ही चोरी पकडायला मोठं प्राधिकरण लागत नाही. गावचा जुना कोतवाल बोटाने दाखवतो, पाणी इथून जायचं म्हणून. अडचण पुढची आहे: त्याचं म्हणणं नोंदवून घेऊन वरच्या आणि खालच्या, दोन्ही हद्दींत अमलात आणणारं कुणी नाही.

मोठ्या यंत्रणेची खरी गरज इथे आहे, ती मी नाकारत नाही. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. ही रेषा पाण्याच्या हिशेबाने काढायची असते, आणि पाणी वरच्या गावात किती सिमेंट पडलं त्यावर वाढतं. वरच्या गावाची माहिती खालच्या रेषेत येणार कशी? २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हाही हेच झालं. खडकवासल्याचा विसर्ग एका खात्याच्या हातात, धरणाखालच्या मुक्त पाणलोटातून त्यात मिसळणारं पाणी कुणाच्याच हिशेबात नीट नाही, पात्रातला राडारोडा तिसऱ्याकडे, आणि लोकांना वेळेत सांगायचं कुणी यावर नंतर वाद. इथे ग्रामपंचायत काय करणार? पर्जन्यमापकांचं जाळं, ओढ्यांवरचे पाणीपातळीचे मापक, पुराचं गणित मांडणारे दोन-चार चांगले जलशास्त्रज्ञ, नमुने तपासायची प्रयोगशाळा, कोर्टात उभं राहणारा वकील, यांतलं काहीही एकट्या गावाला किंवा नगर परिषदेलाही परवडणारं नाही. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेतून उजनीत जातं. तेव्हा उजनीच्या वरच्या भीमेचं एक सामायिक तांत्रिक कार्यालय असावं, या मताचा मी जुना आहे. मुळा नदीचा तर एक काठ पुण्याचा आणि समोरचा पिंपरी-चिंचवडचा. सांगवी आणि औंध एकमेकांना दिसतात, पण पात्राचं मोजमाप दोन वेगळ्या फायलींत.

मग मोठं प्राधिकरण करून टाकू, असं म्हणायच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली, प्रादेशिक संस्था आपल्याकडे आधीच आहेत. महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ पासून आहे, मुख्यालय इथेच सिंचन भवनात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने राज्यातल्या अशा पाच महामंडळांना नदीखोरे अभिकरण म्हणून मान्यता दिली. म्हणजे कागदावर आपल्याकडे खोऱ्याची यंत्रणा आहे, तीही पुण्यात. पण महामंडळाचा पिंड धरण आणि कालव्याचा. पाटी बदलली म्हणून पिंड बदलत नाही, आणि रामनदीतल्या भरावाची तक्रार तिथे नेलीत तर कारकून तुमच्याकडे दयेने बघेल. दुसरी, २०१५ मध्ये झालेलं पीएमआरडीए. सुमारे सात हजार चौरस किलोमीटर, अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. नियोजनासाठी अशी संस्था हवी हे खरं, पण त्या टेबलावर भुकूमचा सरपंच कितव्या रांगेत बसेल?

विलीनीकरणाचा सगळ्यात जवळचा धडा पुणेकरांनी स्वतः घेतलेला आहे, फक्त तो पर्यावरणाच्या खात्यात कुणी मोजत नाही. १९९७ मध्ये आसपासची गावं महापालिकेत आली, २०१७ मध्ये ११, २०२१ मध्ये आणखी २३. आंबील ओढ्याच्या वरची भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी २०१९ च्या पुरावेळी हद्दीबाहेर होती, ती या शेवटच्या २३ मध्ये आत आली. पाणलोटाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, उगम आणि वस्ती एका हद्दीत आली. पण त्याच वेळी सरकारने या २३ गावांच्या विकास आराखड्याचे अधिकार पीएमआरडीएकडे दिले. कर महापालिकेला, आराखडा दुसऱ्याकडे. गावकऱ्याने डोंगर फोडल्याची तक्रार कुठे करायची? हद्दी एक केल्या तरी सही दोन ठिकाणी राहिली तर जुन्या गोंधळाला फक्त नवा पत्ता मिळतो.

यात आणखी एक गोष्ट हरवली, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जैविक विविधता कायदा २००२ चा, त्याच्या ४१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. ग्रामपंचायत बरखास्त झाली की तिची समितीही संपते. पुढे सगळ्या महापालिकेची मिळून एकच समिती. एका समाविष्ट गावाची नोंदवही मी नंतर शोधत गेलो, तर ती दप्तराच्या गाठोड्यात, पाणीपट्टीच्या जुन्या पावतीपुस्तकांखाली निघाली. कोपरे वाळवीने खाल्लेले. आत गावातल्या आजींनी सांगितलेल्या रानभाज्या महिन्यावार लिहिलेल्या होत्या, कुठल्या विहिरीला वैशाखातही पाणी असतं, घोरपड कुठल्या बांधात दिसते, ओढ्यावरचा कुठला दगडी बांध कुणाच्या आजोबांनी घातला. नव्या कार्यालयात तिची आवकसुद्धा नोंदलेली नव्हती. तिथल्या बाबूंचा दोष नाही, हस्तांतराच्या यादीत खुर्च्या, कपाटं, संगणक होते, नोंदवही हा शब्दच नव्हता. ३६ ची ७ करा नाहीतर ७० ची १, दप्तराची यादी कोण करतं यावर निम्मं ज्ञान वाचतं किंवा जातं.

स्थानिक म्हणजे सोवळं, असंही माझं म्हणणं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली, तेव्हा राज्यात अनेक समित्या घाईघाईने कागदावर उभ्या राहिल्या आणि काही नोंदवह्या शेजारच्या गावाच्या नोंदवहीवरून उतरवल्यासारख्या दिसतात. ज्या गावात प्लॉटिंगवाला हाच सरपंचाचा मेहुणा, तिथे ओढ्याचं रक्षण गावावर सोडणं भोळेपणाचं. वरून तपासणी हवीच. म्हणून माझा आग्रह असा: परवानगी नाकारायचा अधिकार दोघांनाही असावा, गावालाही आणि प्रादेशिक यंत्रणेलाही; परवानगी द्यायची तर दोघांचीही सही लागावी. गावाचा नकार ओलांडायचाच असेल, तर तो अपवाद म्हणून, कारणं लिहून, जाहीर करून. काम यामुळे मंदावेल का? मंदावेल. टेकडी परत उभी करता येत नाही, तेव्हा तिथे थोडा उशीर चालतो.

झाडांच्या बाबतीत आपण उलट्या दिशेने गेलो आहोत. १९७५ च्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून मान मिळाला, ते उत्तम. त्याच दुरुस्तीने राज्य वृक्ष प्राधिकरणही आलं, आणि २०० किंवा अधिक झाडांचे मोठे प्रस्ताव तिकडे नेण्याची तरतूद झाली. मोठा प्रकल्प, मोठी तोड, आणि निर्णय सगळ्यात लांब. स्थानिक प्राधिकरणाच्या सुनावणीला शेजारचे आजोबा पिशवी घेऊन येऊन बसतात, 'हा पिंपळ माझ्या मुंजीच्या आधीचा' म्हणतात, त्याचा काहीतरी परिणाम होतो. मुंबईतल्या सुनावणीला कोण जाणार?

इंग्लंडचं उदाहरण इथे ओंटारिओपेक्षा जास्त उपयोगी आहे आणि आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. १९७३ च्या कायद्याने १९७४ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधली नदी प्राधिकरणं, पाणीपुरवठा संस्था, मैलापाण्याची कामं हे सगळं गोळा करून दहा प्रादेशिक जल प्राधिकरणं केली. हद्दी खोऱ्याच्या होत्या, कल्पना सुंदर होती. घोटाळा असा झाला की मैलापाणी नदीत सोडणारा आणि नदी स्वच्छ आहे का ते तपासणारा एकाच छपराखाली आला. कुंपणच शेत खाऊ लागलं. १९८९ मध्ये पाणीपुरवठ्याचं खासगीकरण करताना नियंत्रणाचं काम वेगळं काढून राष्ट्रीय नदी प्राधिकरणाकडे द्यावं लागलं. वेल्सने २०१३ मध्ये पुन्हा तीन संस्था एक केल्या, जंगल खातंही त्यात घातलं, आणि काही वर्षांत लाकूडविक्रीच्या करारांवरून लेखापरीक्षकांचे ताशेरे खाल्ले.

मुठेत मैलापाणी सोडणारी सगळ्यात मोठी संस्था कोण, हे पुण्यात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. उद्या प्रादेशिक प्राधिकरण झालं आणि दोन्ही महापालिका आयुक्त त्यावर मुख्य सदस्य म्हणून बसले, तर पाण्याचे नमुने घेणाऱ्या तंत्रज्ञाची बदली कोणाच्या हातात असेल? म्हणून प्रदूषण तपासणारं मंडळ अशा कुठल्याही मोटेत बांधू नये. त्याच्यात सुधारणा करा, माणसं वाढवा, पण ते वेगळंच राहू द्या.

पैशाचं थोडक्यात. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा २००७ मध्ये एक होऊन पीएमपी झाली, तुटीचा दोन महापालिकांचा वाटा ६०-४०. त्यानंतर दरवर्षी वर्तमानपत्रात कोण किती द्यायचं राहिलं याच्या बातम्या आपण वाचतोच. ओढ्याचंही तसंच होईल. वृक्ष कायद्यातला वृक्षनिधी, जैवविविधता कायद्यातला स्थानिक जैवविविधता निधी हे आज कायद्याने स्थानिक संस्थेच्या नावावर आहेत. विलीनीकरणात ते एका मोठ्या खात्यात गेले की भुकूमच्या बांधाची दुरुस्ती खराडीच्या सुशोभीकरणाशी स्पर्धा करणार, आणि निकाल आताच सांगता येतो.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा २०११ चा अहवाल लोक 'बंदी, बंदी' म्हणून वाचतात. त्यात रचनेची जी मांडणी आहे ती मला आजही पटते: वर संपूर्ण घाटासाठी एक प्राधिकरण, मध्ये राज्यांची, खाली जिल्हा समित्या, आणि कुठे किती संरक्षण याचा शेवटचा निर्णय ग्रामसभांशी चर्चा करून खालून वर. वरची यंत्रणा आणि ग्रामसभा या दोन्ही एकाच आराखड्यात बसतात, हे त्यातून दिसतं. कुणी 'प्रादेशिक की स्थानिक' असा पेच घातला तर तो मानू नका.

टेकड्यांच्या बाबतीत हे पुण्यात घडलेलंही आहे. १९९७ ला आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, ज्याला सगळे बीडीपी म्हणतात त्याचं, ९७८ हेक्टरचं आरक्षण आलं. अंतिम निर्णय राज्य सरकारकडे, तो २०१५ मध्ये लागला. मधली सगळी वर्षं हा विषय जिवंत राहिला तो रोज टेकडीवर जाणाऱ्या माणसांमुळे. हरकती त्यांनी लिहिल्या, सुनावण्यांना ते बसले. एखाद्या लांबच्या प्राधिकरणाच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा इतकी वर्षं टिकला असता, असं मला वाटत नाही.

आता तुमच्या रामनदीचं. नव्या प्राधिकरणाची वाट बघू नका. मुळशी आणि महापालिका या दोन्ही हद्दी आजही एका माणसाच्या अखत्यारीत येतात: जिल्हाधिकारी, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून. पूर हा आपत्तीचा विषय आहे, तेव्हा अर्ज तिथे करा, प्रत महापालिकेला आणि पीएमआरडीएला. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित प्रत काढून जोडा, भराव ज्या गटात आहे त्याचा नंबर लिहा, तारखेसह फोटो लावा. भुकूम-भूगावच्या जैवविविधता समितीचा ठराव मिळाला तर अर्जाचं वजन वाढतं. सरपंचांशी आधी प्रत्यक्ष जाऊन बोला, पत्र नंतर. आणि हे सगळं एप्रिलमध्ये करा, पावसाळापूर्व आढावा बैठकीच्या आधी. मृगाचा पाऊस पडल्यावर दिलेला अर्ज पुढच्या वर्षीच्या बैठकीतच निघतो.